तोंड बांधलेली मुलगी

मे महिना आला की धुळ्यात माणसांचे चेहरे नाहीसे होतात. सकाळी दहाच्या पुढे रस्त्यावर नुसते डोळे हिंडत असतात. बायकांचे स्कार्फ, पुरुषांचे गमछे, वर टोपी, त्यावर काळा चष्मा. सिग्नलला माझ्या शेजारी स्कूटीवर माझ्याच शाळेतली बाई उभी आहे की भाजीवालीची सून, मला ओळखू येत नाही. तिलाही मी ओळखू येत नाही. परवा एकीने मला हात केला, मीही केला. आम्ही दोघी कोण होतो, देव जाणे.

मी पन्नाशीला टेकलेली, हायस्कूलात मराठी शिकवणारी बाई आहे. कोणाचा हेवा करावा असं हे वय नव्हे. पण ऊन तापलं, नाकातोंडावर सुती कापड आलं, आपलाच श्वास गरम होऊन गालावर परत यायला लागला, की मला माझी चुलत बहीण मंगल आठवते आणि छातीत एक जुनी कळ उठते. बरीच वर्षं मी तिला अपराधाची कळ समजत होते. अपराध त्या कळेत होताच, पण मुळाशी होता तो हेवा.

त्या उन्हाळ्यात मी चौदा वर्षांची होते, मंगल पंधराची. आम्ही भडगावला राहायचो. नाना, म्हणजे माझे वडील, तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांचे मोठे भाऊ, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणत असू, एरंडोलकडच्या एका लहानशा गावात शेती करायचे. मंगल आबांची मुलगी. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली, लिंबाचे झोके सोडले गेले, माहेरी आलेल्या लेकी परत गेल्या, की आबा मंगलला महिनाभर आमच्याकडे आणून सोडत. त्या वर्षीही ती आली. हातात कापडी पिशवी, डोक्यावर कुरडयांचा डबा आणि बोलणं सगळं अहिराणी. आई तिला पाहून खूश व्हायची, कारण मंगल आल्या आल्या अंगण झाडायला घ्यायची. मला ते आवडायचं नाही. झाडून झालं की आई माझ्याकडे बघायची.

त्या सुट्टीत घरात आणखी एक गोष्ट आली होती. नाना पेपर तपासायला पाचोऱ्याला जायचे आणि येताना स्टेशनबाहेरच्या रद्दीवाल्याकडून जुनी इंग्रजी कॉमिक्स आणायचे. कव्हर फाटलेली, कडा वाळवीने कुरतडलेल्या, पानांना ओल्या गोणपाटाचा वास. नानांना त्यातली चित्रं हवी असत. धावणाऱ्या माणसाचा गुडघा कसा काढला आहे, अंगरखा वाऱ्यावर कसा उडतो, हे ते भिंग लावून बघत. आम्हाला गोष्ट हवी असे. मग दुपारी खिडकीला ओलं पोतं टांगून, शहाबादी फरशीवर पाणी शिंपडून नाना मधे बसत, आम्ही दोघी दोन बाजूंना पालथ्या पडून चित्रं बघत असू, आणि ते इंग्रजीचं मराठी करत करत वाचत.

गोष्टी सगळ्या एकाच मुशीतल्या. दिवसा कोणीतरी साधा माणूस. कुठे भित्रा कारकून, कुठे आळशी श्रीमंत मुलगा, ज्याला घरचेही फारसं मोजत नाहीत. आणि संकट आलं की तोच तोंडावर मुखवटा चढवून इमारतींवरून उड्या मारतो, बुडत्याला काढतो, जळत्या घरातून लेकरू आणतो. काम झालं की आभार ऐकायला थांबत नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेब त्यालाच झापतो, की बघ, त्या मुखवट्यावाल्याकडून काही शीक. तो मान खाली घालून हसतो. डोळ्यांवर दोन बोटं रुंदीची पट्टी बांधली तर ओळखीची माणसं कशी ओळखत नाहीत, हा प्रश्न मी नानांना विचारला होता. नाना म्हणाले, गोष्ट आहे, चालायचंच.

मंगलने वेगळं विचारलं. "त्याच्या आईला तरी कळत असेल ना?"

नानांनी पुस्तक खाली ठेवलं. तिच्याकडे असं पाहिलं, की ते पाहणं आजही मला दिसतं. म्हणाले, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. कळत असेल. कळूनही ती बोलत नसेल. मग ते दोघं त्या चित्रातल्या म्हाताऱ्या आईविषयी बोलत राहिले. ती दारात का उभी आहे, तिने दिवा का मालवला नाही. मी पानाच्या दुसऱ्या बाजूला होते. माझा प्रश्नही चांगलाच होता, असं मला वाटत राहिलं.

हेवा असा एकदम येत नाही. घामोळ्यासारखा येतो. आधी एक पुळी, मग पाठभर. मंगलचे केस लांब होते, ठीक आहे. तिच्या हातची भाकरी फुगायची, तेही ठीक. पण संध्याकाळी गच्चीवर पाणी मारताना ती त्या मुखवट्यावाल्याला अहिराणीत बोलायला लावायची. ओढणी तोंडावर बांधून, कमरेवर हात ठेवून म्हणायची, "मी कोन शे? तुले काय करनं शे?" आणि खाली अंगणात नाना हसून हसून खोकायचे. माझे वडील माझ्या कुठल्याच बोलण्यावर इतके हसलेले मला आठवत नव्हते.

मला तेव्हा माहीत असलेलं तिचं एकच खरं गुपित होतं. मंगलला पोहता यायचं. त्यांच्या मळ्यातल्या विहिरीत, भर दुपारी पुरुषमाणसं झोपली की, पाठीला रिकामा डबा बांधून ती एकटी शिकली होती. एकदा तिचे ओले केस पाहून आबांनी तिचं विहिरीवर जाणंच बंद केलं. मोठी झालीस, म्हणाले. पुन्हा दिसलीस तर शाळाही बंद. आबा एकदा बोलले की तो विषय संपायचा. हे तिने मला एका दुपारी कानात सांगितलं होतं. मला पोहता येत नव्हतं. गिरणा नदीच्या काठावर वाढूनही मी घोट्याच्या वर पाण्यात गेले नव्हते.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी सकाळीच मी रुसले होते. नानांनी मंगलने काढलेलं एक चित्र भिंतीला लावलं होतं. नाना पाचोऱ्याला गेले, आई गल्लीतल्या हळदीला गेली, आणि मी फरशीवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मंगलने दोनदा हाक मारली. मग म्हणाली, बर्फ आणते, सरबत करू. माझा पिवळा ड्रेस तारेवर वाळत होता तो तिने घातला, कारण तिचा भिजत घातलेला होता. माझी हिरवी सायकल घेतली. उन्हासाठी नानांचं काळ्या चौकड्यांचं उपरणं डोळ्यांपर्यंत गुंडाळलं. मी वळूनही पाहिलं नाही.

बर्फवाल्याकडे जायचा रस्ता पाटाच्या कडेने होता. पाट म्हणजे धरणाचं पाणी शेतांना नेणारा कालवा. एरवी कोरडा, पण त्या आठवड्यात पाणी सोडलेलं होतं आणि दोन्ही काठ भरून वाहत होतं. बायका धुणं धुवायला आल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीची पाच वर्षांची मुलगी घसरून पडली. पाट काँक्रीटचा, कडा शेवाळलेल्या, धरायला काही नाही. बायका काठाने पळत ओरडत होत्या. तेवढ्यात हिरव्या सायकलवरून आलेल्या, तोंड बांधलेल्या मुलीने सायकल टाकली आणि तशीच उडी मारली. बरंच पुढे, पुलाच्या खांबापाशी, तिने पोरीला धरलं आणि वर ढकललं. लोकांनी पोरीला पालथं घातलं, पाणी काढलं, पोर रडली. तेवढ्यात ती तोंड बांधलेली मुलगी मागे जाऊन सायकल उचलून निघून गेली होती.

घरात आली तेव्हा तिच्या अंगावरून पाणी गळत होतं आणि कोपर सोललं होतं. दात वाजत होते, मे महिन्यात. मी उठून बसले. तिने तुटक तुटक सगळं सांगितलं आणि माझा हात धरला.

"कोनलेच सांगू नको. आबाले समजनं तर शाळा गई."

मी मान हलवली. त्या क्षणी मी खरंच घाबरले होते, आणि तिच्यासाठी घाबरले होते. तेवढा वेळ हेवा नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

तासाभरात दारात माणसं आली. पुढे ती मुलीची आई, हातात नारळ. मास्तरांच्या मुलीची हिरवी सायकल आणि पिवळा ड्रेस गल्लीतल्या पोरासोरांना माहीत होता. मी दारात उभी होते. केस कोरडे होते, पण त्या उन्हात केस वाळायला कितीसा वेळ लागतो. त्या बाईने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी मागे वळून पाहिलं. दाराआड मंगल उभी होती. तिने मान हलवली, हो म्हण. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नारळ घेतला.

संध्याकाळी नाना आले ते रस्त्यातच सगळं ऐकून. दारातच त्यांनी माझं डोकं छातीशी धरलं. माझ्या चौदा वर्षांत नानांनी मला असं कधी धरलं नव्हतं, आणि मी त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसून मंगलकडे बघायचं टाळत होते.

आईने मात्र भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता, हळूच विचारलं, "तुला पोहता कधी यायला लागलं?"

मंगल पिठाच्या परातीवर वाकलेली होती. आईची नजर तारेवरच्या ओल्या ड्रेसवर गेली, मग मंगलच्या सोललेल्या कोपरावर. बरं, एवढंच ती म्हणाली आणि तव्यावर पाण्याचा हात फिरवला. आबांचा स्वभाव तिला माहीत होता. पुन्हा तिने कधी विचारलं नाही.

चार दिवसांनी शाळेच्या पटांगणात माझा सत्कार झाला. शाल, गुच्छ, भिंतीवरचं घड्याळ. कोणीतरी भाषणात मला वीरबाला म्हणालं. मंगल तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसली होती, आणि टाळ्या वाजवत होती. मी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. थोडी खंत, थोडा राग. काहीच नव्हतं. ती हसत होती. कॉमिक्समधला तो कारकून साहेबाची बोलणी खाताना हसतो, तसं. आपल्याला काय माहीत आहे ते या बाकीच्यांना माहीत नाही, एवढ्यानेच पोट भरलेल्या माणसाचं हसू. शाल माझ्या खांद्यांवर होती आणि त्या उन्हात ती लोकर टोचत होती. मला कळलं, की या पटांगणात मिळण्यासारखं जे काही होतं ते सगळं तिच्याकडे आहे आणि माझ्या हातात घड्याळ आहे.

त्या दुपारपासून मला मंगलकडे बघवेना. नाना भेटेल त्याला माझी गोष्ट सांगत. प्रत्येक वेळी ती गोष्ट तिची होत जायची, माझी कमी. मी कशी पोहले असेन, हे नाना हातवारे करून दाखवत आणि मंगल मन लावून ऐके. एकदा तिने नानांना मधेच विचारलं, पण पुलापाशी ओढ जास्त असेल ना. नाना म्हणाले, हो, तू बरोबर ओळखलंस.

दोन दिवसांनी आबा तिला न्यायला आले. जेवायला बसले. नानांनी त्यांनाही पहिल्यापासून सगळं सांगितलं. आबा उंच, काटक, कमी बोलणारे. शाबास, म्हणाले आणि घास घेतला. आणि मी, वाढता वाढता, हातात वरणाचं भांडं असताना म्हणाले, की आबा, ती मी नव्हते, मंगल होती.

मी हे का बोलले? वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आले, की खोटं अंगाला चिकटलं होतं, ते सहन होईना. पण मला नीट आठवतं, बोलण्याआधी मी मंगलकडे पाहिलं होतं. तिच्या चेहऱ्यावर अजून ते हसू होतं, आणि मला ते तिथून काढायचं होतं.

ते हसू गेलं. आई चुलीपाशी तशीच थांबली. आबांनी ताटातलं संपवलं, हात धुतले, टोपी घातली. मंगलला म्हणाले, पिशवी भर. तिच्या उशाखालची तीन कॉमिक्स तिने माझ्या अंथरुणावर नीट रचून ठेवली होती. ती दोघं दुपारच्या एसटीने गेली.

आणि नाना? नानांनी मला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाले, सगळ्यांसमोर खरं बोलायला पोहण्यापेक्षा जास्त धैर्य लागतं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिथे हीच गोष्ट माझ्या प्रामाणिकपणाची म्हणून सांगितली गेली. घड्याळ परत करायला गेले तर मुख्याध्यापक ठेव म्हणाले. त्यानंतर मंगल कधी सुट्टीला आमच्याकडे आली नाही. तिची शाळा बंद झाली नाही एवढं कळलं. पण आबा तिला पहाटे पहाटे मळ्यात नेतात, पाणी भरायला लावतात, पोर राबून काळवंडली, असं मोठी आई, म्हणजे आबांची बायको, एका लग्नात माझ्या आईजवळ रडली. मी शेजारीच बसले होते. हातातला लाडू मी तसाच पानात ठेवला.

मंगलचं लग्न होऊन ती जळगावला गेली. मी शिकून धुळ्याला आले. लग्नकार्यात भेटायचो, ओट्या भरायचो, मुलांच्या परीक्षांविषयी बोलायचो. पस्तीस वर्षं त्या उन्हाळ्याबद्दल आमच्यात एक अक्षर नाही. मी तिचं आयुष्य अडवलं, हे मी मनाशी धरून ठेवलं होतं. तिच्या थकलेल्या चेहऱ्यात, सुजलेल्या पावलांत मी माझाच हात शोधायची. खरं सांगायचं तर त्या दुःखाची मला सवय झाली होती.

आबा या हिवाळ्यात गेले. परवा एका लग्नासाठी जळगावला गेले तेव्हा मंगलकडे उतरले. दुपार होती. कूलरच्या वाळ्याचा ओला वास, बाहेर डांबर वितळवणारं ऊन, आणि ती स्वयंपाकघरात खाली बसून भाकरी करत होती. रस्त्याने येताना मी तोंड बांधून आले होते. स्कार्फ सोडताना माझ्या तोंडून निघून गेलं, की मंगल, त्या दिवशी आबांनी तुला घरी नेऊन मारलं का?

तिने थापता हात थांबवला. मग ती सांगत गेली. एरंडोलला एसटीतून उतरल्यावर आबा घरी गेलेच नाहीत. तिला सरळ मळ्यात घेऊन गेले, विहिरीवर. तिला वाटलं, आता आपल्याला ढकलणार. आबा काठाच्या दगडावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "दखाड."

काय दाखवायचं, तिला कळलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. मग ती होती त्या कपड्यांनिशी उतरली आणि पोहून दाखवलं. दोन फेऱ्या. वर पाहिलं तर आबांची पाठ तिच्याकडे. ते बांधाकडे बघत होते, कोणी येत तर नाही ना म्हणून. पाय फार हलवतेस, हात लांब टाक, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी तिला उठवलं. चल, मोटर चालू करायची आहे.

लग्न होईपर्यंत रोज. गावाला वाटायचं पोरीला शिक्षा चालू आहे. मोठ्या आईलाही तेच वाटायचं. लग्नानंतर दर आखाजीला. पुढे पुढे आबांना दिसेनासं झालं, तरी काठी टेकत यायचे आणि दगडावर बसून नुसता पाण्याचा आवाज ऐकायचे. गेल्या वर्षीच्या आखाजीलाही बसले होते.

इतकी वर्षं मला का सांगितलं नाहीस, मी विचारलं. आबा म्हणाले होते कोणालाच नको, ती म्हणाली. त्यात टोचणी नव्हती.

मी खाली फरशीवर बसले. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर ती पहाट आली, ती विहीर, ते दोघं. माझे नाना मला मुखवट्याआडच्या माणसांच्या गोष्टी रोज वाचून दाखवायचे, माझं तोंडभर कौतुक करायचे, आणि आमच्या दोघांत लपवण्यासारखं काही कधी घडलंच नाही. ज्यांनी आयुष्यात एक कॉमिक उघडलं नव्हतं, त्या आबांनी आपल्या मुलीचं गुपित मरेपर्यंत सांभाळलं. आणि ते त्यांच्या हाती मी दिलं होतं, वरण वाढता वाढता.

"माझ्यावर रागावली होतीस?"

"हो," ती म्हणाली. "चार दिवस."

मी हिशेब केला नाही, पण पस्तीस वर्षं कूलरच्या घरघरीत समोर येऊन उभी राहिली. मग मी आयुष्यात पहिल्यांदा ते तोंडाने बोलले. म्हटलं, मंगल, मला तुझा फार हेवा वाटतो. तेव्हाही वाटायचा, आत्ताही वाटतो.

तिने तव्यावरची भाकरी उलटली, निखाऱ्यावर असावी तशी गॅसवर फुगवली आणि माझ्या ताटात टाकली.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "जेवी ले. भाकर थंडी व्हई राहिनी."